मोळी नसलेली सावली

खिल्लारे मॅडम माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत. आधी त्याच्या सावलीकडे. झरीजवळच्या शाळेत मी गणिताचा मास्तर म्हणून रुजू झालो आणि चित्रकलेच्या खोलीच्या दारात उभा राहिलो, तर जमिनीकडे बघूनच म्हणाल्या, "लय ताठ हाय सावली. नवीन दिसायलात."

खोलीत रसवंतीचा जुना चरक होता. पूर्णेच्या एका रेल्वे फिटरकडून त्यांनी त्याचं छापयंत्र करून घेतलं होतं. जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा थर, त्यावर सुईने रेघा, मग पत्रा तेजाबात. मेण खरवडलेलं असेल तिथं तेजाब पत्रा खातं. त्या खाचांत शाई भरायची आणि कागदावर छाप घ्यायचा. "यात उजेड कशाने काढता?" मी शहाणपणाने विचारलं.

"उजेड काढायचा नसतो, मास्तर. ठेवायचा असतो. तिथं रेघ मारायची न्हाई, बस."

त्यांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष. जिल्ह्याच्या शिक्षक-प्रदर्शनात आपलं एक चित्र लागावं, एवढंच त्यांना हवं होतं. चित्रात उजेडासाठी कोरं ठेवलेलं माळरान, सरपणाची मोळी घेऊन वाकलेली त्यांची माय आणि तिच्यापुढे पडलेली लांब, ताठ सावली. सावलीच्या डोक्यावर मोळी नव्हती. निवड समितीचा निरोप आला: सावली दुरुस्त करा, तरच चित्र लागेल.

"सावलीला हात लावणार न्हाई," मॅडम म्हणाल्या आणि तासाला निघून गेल्या.

मला त्यांची कीव आली. बिचाऱ्यांची भूमिती कच्ची! मी फूटपट्टी लावली, कोन मोजला आणि सुईने थेट पत्र्यावर सावलीच्या डोक्यावर सुबक मोळी कोरली. वर शाबासकीची वाट बघत बसलो.

मॅडम आल्या. पत्रा उजेडात तिरका धरला. 

"माझ्या मायीनं जलमभर वाहिली ती. उतरवायला मला तीन महिने लागले. तुमी एका तासात परत चढवली व्हय?"

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर हातात पत्रा घासून गुळगुळीत करायची पोलादी घोटणी आली. "घासा. ज्यानं चढवली त्यानंच उतरवावी."

चार दिवस घासलं. बोटांना फोड आले तरी धूसर डाग उरलाच. मॅडमनी तसाच छाप घेतला आणि आम्ही दोघांनी तो परभणीच्या प्रदर्शनात नेला. समितीने तो दारातूनच परत केला.

मॅडम घरी गेल्या नाहीत. सभागृहाच्या फाटकाबाहेर, भर उन्हात, चित्र दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या. आत जाणारा प्रत्येक जण आधी तिथं थांबू लागला. मी मुकाट्याने एक कड धरली. शेवटी समितीचे अध्यक्ष बाहेर आले.

"मॅडम, हट्ट कशाला? सावली चुकलीय."

"सावली बरोबर हाय, साहेब. वजन चुकलं व्हतं."

अध्यक्ष माझ्या गळ्यातलं ओळखपत्र बघून माझ्याकडे वळले. "तुम्ही गणिताचे ना? सांगा यांना."

सगळे माझ्याकडे बघू लागले.  फळ्यावर पोरांना शिकवलेले सगळे कोन डोळ्यांपुढून गेले.

"बरोबर आहे सावली," मी म्हणालो. "मी स्वतः मोजलीय."

अध्यक्ष पाय आपटत आत गेले. मी शौर्याच्या कौतुकासाठी मॅडमकडे बघितलं. त्या समोर रस्त्याकडेच बघत होत्या.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "तुमची बाजू खाली यायलीय. वर धरा."