निरोप पोचला होता

जळोचीत सगळ्यांना एवढंच ठाऊक होतं, की माझा नवरा दिल्लीला सरकारी नोकरीत आहे आणि सध्या परदेशात बदली झाली आहे. खरं काम मला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी कळलं. दुसऱ्या मुलखात आपल्या देशाविरुद्ध काय शिजतंय ते गुपचूप काढायचं आणि सरकारला कळवायचं. "आबांनाबी सांगायचं न्हाय," असं स्वतःच्या वडलांबद्दलही बजावून हे गेले.

भावकीत कुजबुज सुरू झाली, की तिकडं दुसरा संसार थाटला असणार. मी भाकरी थापत ऐकून घ्यायचे.

एका उन्हाळ्यात सासऱ्यांनी, आबांनी, अंथरूण धरलं. बारामतीच्या डॉक्टरांनी मुलाला बोलवून घ्या म्हणून सांगितलं. गावातल्या फोनवर सगळे ओळखीचे, म्हणून मी एसटीनं इंदापूर गाठलं आणि स्टँडजवळच्या बूथवरून दिल्लीचा नंबर फिरवला. पलीकडचा माणूस हिंदीत म्हणाला, निरोप पोचेल. कुठं, ते मी विचारलं नाही.

आबा रोज विचारायचे, "पोरगा आला का गं?"

"निघालेत," मी म्हणायचे.

शेवटी आबांना त्यांच्या पुतण्यानं अग्नी दिला.

हे आले तेव्हा वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. आबांच्या रिकाम्या खाटेपाशी उभे राहिले, बसले नाहीत. मी विचारलं, "निरोप मिळाला न्हवता का?"

"मिळाला. त्याच दिवशी."

"मग?"

"तितला एक माणूस माझ्या भरवशावर बातमी देत हुता. मी एकाएकी निघालो असतो, तर त्यो उघडा पडला असता."

"मंग त्या बातमीचं काय झालं?"

"वर कळवली. त्यांना पटली न्हाय."

"तुमी काहीच करू शकत न्हाय?"

"न्हाय. पोलिसावानी कुणाला धरता येत न्हाय, हुकूम देता येत न्हाय. आमी सांगायचं. ऐकायचं का न्हाय, ते त्यांनी ठरवायचं."

"आन् त्यो माणूस?"

हे वळून गोठ्याकडं गेले. मला आबांसाठी भांडायचं होतं. पण त्या पाठमोऱ्या माणसाशी कसं भांडायचं ते कळेना.

श्राद्ध उरकून हे पुन्हा निघून गेले. चुलत जाऊबाईंनी हळूच विचारलं, "काय म्हणत हुते भावजी?"

"दमल्यात," मी म्हटलं, आणि चूल पेटवायला बसले.