देवाकडे पाय

माझे यजमान गेले तेव्हा त्यांना सारवलेल्या जमिनीवर, पाय दक्षिणेला करून निजवलं होतं. त्यानंतर मला पाठीवर निजताच येईना. पाठ टेकली की त्यांच्या जागी मीच निजवलेली आहे असं वाटायचं आणि मी उठून बसायचे. भिंतीला टेकून डुलकी लागेल तेवढीच झोप. शाळेत शिकवताना दोनदा भोवळ आली. देवाला हात जोडणं मी सोडलंच होतं. ज्याने एवढं नेलं, त्याच्याकडे झोप काय मागायची?

ऐंशी सालानंतरची गोष्ट ही. पांढुर्ण्यात दक्षिणमुखी मारोतीच्या मंडपात बायकांचा योगवर्ग नवाच निघाला होता. डॉक्टरांनी मला तिकडे धाडलं. बाकी आसनं मी निमूट करायचे. शेवटी शवासन, एक तर नाव असं! त्यात देवाकडे पाय करायचे नाहीत, म्हणून सगळ्याजणी डोकं मारोतीकडे ठेवायच्या आणि पाय नेमके दक्षिणेला जायचे. आडवं वळावं तर मंडप अरुंद. मी आपली कोपऱ्यात गुडघे पोटाशी धरून बसायचे.

संत्र्यांच्या हंगामात एकदा दर्शनाला आलेली एक अनोळखी म्हातारी माझ्याजवळ टेकली.

"तू काहून बसून राहिली वं बाई?"

का कोण जाणे, मी तिला सगळं सांगून टाकलं.

"मंग देवाकडं कर ना पाय."

"पाप लागते ना, आजी."

"लेकरू बापाच्या अंगावर पाय टाकून निजते. बाप हाकलते का त्याले?"

ब्रह्मचारी मारोतीला बाप करणारी ही पहिलीच! कित्येक महिन्यांनी मला हसू आलं. ती स्वतःच देवाकडे पाय करून आडवी झाली, तशी मीही झाले.

"हात सोड. अंग जड होऊ दे. तो धरून राहिला ना."

मुठी सुटल्या. डोळ्यांतलं पाणी कानांत ओघळत राहिलं, मग काही कळलं नाही. जाग आली तेव्हा मंडप रिकामा होता. योग शिकवणाऱ्या बाई तेवढ्या दाराशी बसून होत्या. म्हणाल्या, "त्या आजी सांगून गेल्या, निजू द्या तिले." पुजाऱ्यांनीही त्या म्हातारीला आधी कधी पाहिलं नव्हतं. तिगावकडून तोडणीला आलेली असेल. मी शोधत बसले नाही. रोज हात जोडताना तिची आठवण मात्र काढते.

झोप हळूहळू परतली. पुढे एका सकाळी मीही सगळ्यांसारखी, डोकं देवाकडे करून निजले. पाय दक्षिणेला गेले आणि भीती वाटली नाही. उशाशी मारोती होता. तेव्हा उमगलं, यजमानांना निजवलं त्या दिवशीही तो असाच त्यांच्या उशाशी असणार. मीच त्यांना इतके दिवस एकटं समजत होते.