डावा कौल

सुर्याकाकाला देवीने जाऊ नको म्हणून सांगितलं होतं.

एकदा नाही. दोनदा.

आज काका गेला तो दिवस. माझ्या पप्पांचा तो धाकटा भाऊ. मिलिट्रीत होता. शांतिसेनेतून श्रीलंकेला गेला आणि बाविसाव्या वर्षी तिथेच मारला गेला. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो.

मस्कतला रूमवर बसून लिहितोय. नववी नापास माणूस आहे, चुकलंमाकलं समजून घ्या.

धामापूरच्या तळ्यापलीकडे आमचं गाव. काका जूनमध्ये सुट्टीवर आला की नांगर त्याच्याच हातात. आणि बैलांना ऑर्डर हिंदीत. "दाहिने मुड!"

पप्पा बांधावरून ओरडायचे, "मेल्या, त्येंका मालवणी कळता, हिंदी नाय!"

काका म्हणायचा, "शिकतले. मी पण मार खाऊनच शिकलंय."

बैल शेवटपर्यंत शिकले नाहीत.

सत्त्याऐंशीची चतुर्थी. काका घरी होता. गणपती अजून मखरातच, आणि तार आली. सुट्टी रद्द. ताबडतोब हजर व्हा.

आजी म्हणाली, "देवीक इचारल्याशिवाय माझो झिल उंबरो ओलांडूचो नाय."

काका हसायला लागला. "आये, डावो इलो तर सायबाक काय सांगू? देवी सोडणा नाय?"

"सांग. तेका पण आये आसतली."

आमच्याकडे काही मोठं करायचं असलं की देवीला कौल लावतात. गुरव मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी पडली तर हो. डावी पडली तर नाही.

आजीचा पाय सुजलेला, म्हणून दोघे भाऊच देवळात गेले.

पहिली पाकळी डावी पडली.

गुरवांनी पुन्हा गाऱ्हाणं घातलं, पुन्हा पाकळ्या लावल्या.

पुन्हा डावी.

पप्पा सांगतात, गुरवांनी वर बघितलंच नाही. काकानेच त्यांना हात जोडले, "आयेक कळू देव नको." पायऱ्या उतरताना पप्पांना म्हणाला,

"दादा, आयेक उजवो सांग."

"देवीचा खोटा सांगू?"

"मी कायव झाला तरी जातलंयच. मागे ती रडत रवण्यापेक्षा हसत रवांदे. मी इल्यावर सांगूया तिका. मगे माका बडवांदे."

आजी दारातच बसलेली. "काय दिल्यान?"

पप्पा म्हणाले, "उजवो."

आजीने सुजलेल्या पायाने उठून काकाच्या पिशवीत खाजं भरलं, काजूगर भरले. फोंडाघाटातून कोल्हापूरला जाणाऱ्या एसटीत पप्पांनी त्याला बसवून दिलं. खिडकीतून काका ओरडला, "दाहिने मुड!" गाडी नेमकी डावीकडे वळली. दोघेही हसले.

तेच शेवटचं.

श्रीलंकेतून एक पत्र आलं. पप्पांना पाठ आहे. "इथे पण माड आहेत, समुद्र आहे. सगळं आपल्यासारखंच आहे. फक्त होड्या वाळूत उलट्या पडल्यात, मासे मारायला कोण जात नाही. आयेला सांग, देवीचा कौल बरोबर निघाला. मी बरा आहे."

मग दिवाळीत दुसरी तार. इंग्लिशमधली. शाळेतल्या गुरुजींनी अंगणात वाचून सांगितली.

काका आला नाही. अस्थी आल्या.

आजी आधी रडलीच नाही. पप्पांकडे बघून म्हणाली, "कौल उजवो होतो मा रे?"

पप्पा म्हणाले, "होय."

दुसरं काय बोलणार? डावा होता म्हणाले असते तर माहीत असून भावाला मरायला पाठवलं असं झालं असतं.

त्या दिवसापासून आजीने देवी सोडली. नारळ नाही, जत्रा नाही. पालखी दारात आली की आतल्या खोलीत जाऊन बसायची. "फसवल्यान माका," एवढंच म्हणायची.

आणि पप्पा त्याच पालखीला खांदा द्यायचे. मान खाली घालून.

तीस वर्षं.

मी गोव्यातलं काम सोडून घरी बसलेलो तेव्हाची गोष्ट. आजी अंथरुणाला लागलेली. दुपारी पप्पा तिला पेज भरवत होते. लांबून पालखीचा ढोल ऐकू आला आणि आजीने तोंड भिंतीकडे केलं.

पप्पांनी वाटी खाली ठेवली.

"आये, देवीन डावो दिल्लो. दोन खेपेक. मीच तुका उजवो सांगलंय."

आजी भिंतीकडे बघतच म्हणाली,

"सुर्यान सांगूक लावल्यान मा?"

पप्पांनी मान हलवली.

"म्हणजे देवी खोटी नाय."

मग वळली. पप्पांच्या पांढऱ्या केसांत हात घातला.

"आणि तू मेल्या, इतकी वर्सां एकटोच घेवन बसलंस?"

पप्पांना रडताना मी तेव्हा पाहिलं. आधी नाही, नंतर नाही.

पालखी आली तेव्हा आजीला आम्ही दोघांनी खुर्चीसकट उचलून अंगणात आणलं. तिने नारळ ठेवला. "चुकलंय गो बाये," म्हणाली. बाकी काही मागितलं नाही.

पुढे मी मस्कतला निघालो, तेव्हा पप्पा सकाळीच देवळात जाऊन आले. मी विचारलं, "काय दिल्यान?"

"कौल लावलंयच नाय. नारळ ठेवन इलंय." मग म्हणाले, "तू थंयसून खरां काय ता सांगीत जा. बरां नसला तरी सांग."

मी दर शुक्रवारी फोनवर "बरां आसा" म्हणतो.

आज खरं सांगितलं. फोरमनशी भांडलोय, हे पण काम जाणार बहुतेक.

पप्पा म्हणाले, "बरां केलंस सांगलंस ता. ये घराक."

सुर्याकाका, आल्यावर सांगूया म्हणाला होतास ना?

पप्पांनी सांगितलं रे तिला.

तिने कोणालाच बडवलं नाही.

आता निवांत झोप.