बाबलकाकांनी अर्धी सोडलेली डोकी

बाबलकाकांच्या सलूनमधून माणसं दोन तऱ्हांनी बाहेर पडत: काही पुरती, काही अर्धी. पुरती माणसं तुरटीचा आणि पावडरचा वास घेऊन, मानेवरून हात फिरवत निघत. अर्धी माणसं डोक्याच्या एका बाजूला रुमाल धरून, भिंतीकडेनं, कोणाच्याही नजरेला नजर न देता जात. आमच्या भटवाडीच्या चढावर असा एकतर्फी डोक्याचा गृहस्थ दिसला की भाजीवालीसुद्धा मान हलवून म्हणायची, "बोलला वाटतं काहीतरी आत."

घाटकोपरला टेकडीच्या पायथ्याशी काकांचं ते दोन खुर्च्यांचं दुकान होतं. समोर आरसे, मागे एक बाक, बाकावर पानं सुटी झालेलं वर्तमानपत्र आणि ते वाचायच्या निमित्तानं जमलेली पाचसहा रिकामी तोंडं. त्या तोंडांतून काय निघायचं ते सांगायला नको. ऐंशीच्या दशकातली आम्ही पोरं आईबहिणीवरून शिव्या देत होतो त्या कोणावर रागावून नव्हे. लोक बोलताना "म्हणजे" म्हणतात, तशा आम्ही त्या वापरायचो. क्रिकेटचा स्कोअर सांगताना दोन, पाणी आलं नाही म्हणून तीन, आणि मित्र बऱ्याच दिवसांनी भेटला तर पाचसहा, प्रेमानं.

काका स्वतः काही सोवळे नव्हते. कुडाळकडचा माणूस, त्यांचं तोंड दिवसभर चालू असायचं. मशीन अडकलं की "वशाड पडांदे हिच्यावर!" लहान मूल खुर्चीत वळवळलं की "रताळ्या, गप ऱ्हव." आमच्यासारख्यांना मेल्या, भोपळ्या, खापरतोंड्या हे रोजचंच. पण त्यांच्या शिवीत कधी कोणाची आई आली नाही की बहीण आली नाही. आणि दुसऱ्याच्या बोलण्यात आली, किंवा बायकोला ठोकण्याची फुशारकी आली, की ते कात्री खाली ठेवत. रागावत नसत, भाषण देत नसत. गिऱ्हाईकाच्या गळ्याभोवतीचा कपडा सोडत, झटकत आणि म्हणत, "ऊठ."

"काका, एकच बाजू झालीय!"

"माका दिसता. आता तुझा ताच वाक्य परत बोल. पण त्यात तुझ्या घरातल्या बायलमान्साचा नाव घाल. मग दुसरी बाजू."

नियम इतकाच. माफी मागायची नाही, कान धरायचे नाहीत. तेच वाक्य, फक्त आपल्या घरातल्या बाईचं नाव घालून. मोठे मोठे गडी तिथे अडत. अडलेला माणूस हळूच म्हणे, "नाही बोलवत." की काका पुन्हा कपडा बांधत आणि पहिल्याच सुरात म्हणत, "मान खाली."

हे "मान खाली" म्हणजे काकांची सही होती. दोन बोटांनी टाळूवर दाबून ते मागची मान पुढ्यात घेत, आणि त्यात लहानमोठा असा भेद नसे. एकदा वॉर्डातले एक पुढारी फोटो काढायला जायच्या घाईत आले. मानेला हात लावू देईनात, म्हणाले, "मी कोणापुढे मान झुकवत नाही." काका म्हणाले, "मग मागचे केस ऱ्हवांदेत. फोटो फुडसून काढा." पुढाऱ्यांनी मान खाली घातली.

माझ्यावर पाळी आली तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. अंधेरीच्या एका कंपनीत कारकून, नवी जीन्स, आणि अकलेच्या मानानं फार लांब जीभ. बाकावर शेजारच्या चाळीतल्या एका जोडप्याची गोष्ट निघाली. बाई भांडून माहेरी गेली होती. मी खुर्चीतून, आरशात स्वतःकडे बघत, तज्ज्ञासारखा बोललो, "दोन वाजवल्या की बाई सरळ होते, त्यात काय एवढं." पुढे एक शिवी जोडली, पूर्णविराम म्हणून.

कात्री थांबली. "ऊठ, सुध्या."

मला अपमान वाटला. मी तडक उठलो आणि स्टेशनजवळच्या दुसऱ्या सलूनमध्ये गेलो. तिथला कारागीर माझ्या डोक्याकडे बघून म्हणाला, "अर्धं कोणी सोडलं?" मी सांगितलं. तो म्हणाला, "दुसऱ्याचं अर्धं काम आम्ही विचारल्याशिवाय हातात घेत नाही. का सोडलं?" दुकानात चार अनोळखी माणसं बसलेली. माझं वाक्य माझ्या जिभेवर होतं आणि मला ते उच्चारता येईना. दहा मिनिटांपूर्वी ज्याची ऐट वाटली होती, ते परक्या माणसांपुढे सांगायची लाज वाटत होती. मी परत भटवाडीला आलो.

काकांनी रिकामी खुर्ची दाखवली, मी बसलो. मी मनात नाव घालून पाहिलं. आमच्या घरात बायका दोनच, आई आणि शैला. शैला माझी धाकटी बहीण, दीड वर्षापूर्वी टेकडीवरच्या चाळीत दिलीपला दिलेली. "शैलाला दोन वाजवल्या की..." इथवर मनातल्या मनात आलो आणि मला तिचा मागच्या रविवारचा हात आठवला. कोपराच्या वर हिरवट निळा डाग होता. "नळावर घसरले रे दादा," ती म्हणाली होती, आणि मी "बघून चालत जा" म्हणून वर तिलाच सुनावलं होतं.

"नाही बोलवत, काका," मी म्हणालो.

"मान खाली."

त्या दिवशी घरी जाऊन मी शैलाच्या हातावरच्या डागाबद्दल बाबांशी बोललो. बाबा पूर्वी गिरणीत कामाला होते, गिरणी बंद पडल्यापासून घरात खुर्चीला खिळल्यासारखे बसत. ते म्हणाले, "माका म्हायत हा." एवढंच. आई म्हणाली, जावई आहे, रागीट आहे, मूल झालं की निवळेल. मी शैलाकडे गेलो, तर ती दारातच म्हणाली, "तू काही बोलू नकोस, दादा. तू जाशील घरी, मला इथं राहायचंय." तिच्या आवाजाला मी घाबरलो. खरं सांगतो, मीही गप्प बसलो. माहीत सगळ्यांना होतं, पण मोठ्यानं कोणी म्हटलेलं नव्हतं, आणि जोवर कोणी म्हणत नाही तोवर प्रत्येकाला आपण काही पाहिलंच नाही असं वागता येत होतं.

मग तो रविवार आला. सलून भरलेलं. एका खुर्चीत बाबा, गालांना साबणाचा जाड फेस लावून तो मुरायला ठेवलेला. शेजारच्या खुर्चीत दिलीप, केस कापून घेत. मी बाकावर. सासरा शेजारी, मेव्हणा मागे, हे दिलीपला चांगलं दिसत होतं. गप्पा कशावरून निघाल्या आठवत नाही, पण तो बोलला तेव्हा डावी बाजू पुरती झाली होती. "बाईमाणसाला धाकात ठेवायचं तर हात उचलावाच लागतो यार, बाकी सब बकवास."

काकांनी कात्री ठेवली, कपडा सोडला आणि नियम सांगितला.

आजवर जे कधी झालं नव्हतं ते त्या दिवशी झालं. दिलीप हसला. आरशातून सगळ्या बाकाकडे बघत म्हणाला, "घालतो की नाव, त्यात काय! शैलाला आठवड्यातनं दोनदा वाजवल्याशिवाय ती सरळ चालत नाय. झालं?" आणि शेजारी बाबांकडे वळून, डोळा मारून, "काय मामा, खरं की नाय?"

काकांचा नियम आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी पुरा पाळला होता. नियमाप्रमाणे आता दुसरी बाजू कापायला हवी होती. मी उठलो, पण माझ्या आधी बाबा उठले. तोंडभर फेस, गळ्यात टॉवेल.

"बाबल," ते म्हणाले, "माझी दाढी ऱ्हवांदे. येतंय मी."

आणि ते निघाले. भटवाडीचा तो चढ, भर रविवारची सकाळ, नळावर बायका, दारादारांत माणसं, आणि मधून गालावर पांढरा फेस घेतलेले माझे बाबा, ताठ. मी मागे. कोणीतरी विचारलं, "काय झालं हो?" बाबा न थांबता म्हणाले, "चेडवाक आणूक चाललंय." मुलीला आणायला. गेल्या दोन वर्षांत मी त्यांना एवढ्या मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं.

शैला कणीक मळत होती. बापाचा अवतार बघून तिला आधी हसूच फुटलं. "बाबा, तोंडाला फेस..."

"असांदे. चल."

तिची सासू आडवी आली. म्हणाली, लोक काय म्हणतील. बाबा म्हणाले, "लोक खाली सलूनात बसलेत, बाई. तुमच्या झिलान सगळ्यांका सांगल्यान." मुलानंच सांगितलं म्हटल्यावर सासू बाजूला झाली. शैलानं हात धुतले. कणीक झाकून ठेवली, का ते तिलाच ठाऊक. पिशवीत दोन साड्या टाकल्या आणि बाहेर आली. आम्ही तिघं चढ उतरलो, तेव्हा नळावरच्या बायकांनी कळशा बाजूला घेऊन वाट दिली. मला अजून त्या वाटेचा अभिमान वाटतो. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

सलूनमध्ये दिलीपची खुर्ची रिकामी होती. काकांनी त्याची दुसरी बाजू कापलीच नव्हती. नियम मोडला म्हणून बाकावरच्या कोणी हरकत घेतली नाही. शैला पायरीवर उभी राहिली, बाबा आत जाऊन खुर्चीत बसले.

"फेस सुकलो," काका म्हणाले. "परत लावतंय."

दिलीपची पुढची कथा भटवाडीनं बरेच दिवस चघळली. रविवारी त्यानं तीन दुकानं पालथी घातली, तिन्ही ठिकाणी "का सोडलं?" यावरच काम अडलं, आणि सोमवारी सगळी सलूनं बंद. शेवटी घरी वस्तरा घेऊन त्यानं सगळं डोकंच भादरलं. मग जो तो गंभीर चेहरा करून विचारू लागला, "अरेरे, घरात कोण गेलं?" टोपी घालून हिंडला, पण टोपीखाली काय आहे ते अख्ख्या भटवाडीला माहीत होतं!

तो सुधारला असं मी म्हणणार नाही. समेटाच्या चार बैठका झाल्या, चारही वेळा शैला नाही म्हणाली, आणि चारही वेळा बाबा तिच्या शेजारी बसले. सलूनमधल्या बाकावरचेही काही संत झाले नाहीत. आत दाबून धरलेल्या शिव्या बाहेर पायरीवर येऊन देणारे मी पाहिले आहेत. माझी मात्र जीभ तिथेच कापली गेली, ती पुन्हा वाढली नाही.

शैलाला विक्रोळीला एका कारखान्यात रेडिओचे भाग जोडायचं काम मिळालं. पहिला महिना भरला तेव्हा ती मला म्हणाली, "दादा, मला केस कापायचेत. काकांकडून." तिची वेणी कमरेपर्यंत होती. दिलीप मारताना आधी ती वेणी हाताला गुंडाळायचा, हे मला त्या दिवशी कळलं. आई रडायला लागली, घरात कोणी मेलंय का म्हणून. काकांनी तर साफ नकार दिला. म्हणाले, त्यांच्या आजोबांना गावात एका सोळा वर्षांच्या विधवेचं केशवपन करायला बोलावलं होतं. पोरीला दोघांनी धरून बसवलेलं. आजोबांनी वस्तरा खाली ठेवला, आणि त्यापायी बायकामुलं घेऊन त्यांना गाव सोडावं लागलं. "आमच्या घरातल्या हातान बायलमान्साच्या केसांक हात लावूचो नाय, असा ठरलेला हा."

शैला म्हणाली, "काका, तिला धरून बसवलं होतं. मी चालत आलेय."

काकांनी हातातली कात्री पुसून ठेवली. मग म्हणाले, "सोमवारी ये."

सोमवारी सलून उघडं बघून लोक थबकले. काकांनी आरसे पुसले होते, धुतलेला कपडा काढला होता. शैला बसली. त्यांनी आधी वेणी सोडली, हलक्या हातानं विंचरली, मग खांद्यापाशी कात्री लावली. पुढची बाजू झाली, कडा झाल्या. मागची मान आली. मी बाकावरून वाट बघत होतो त्या दोन बोटांची आणि त्या दोन शब्दांची. तिनंही सवयीनं मान झुकवली होती.

"नको," काका म्हणाले. "तू सरळ बस, बाय."

आणि साठी उलटलेला, गुडघे धरलेला तो माणूस खुर्चीचा हात पकडून सावकाश खाली बसला. जमिनीवर गुडघे टेकून, स्वतःची मान वाकडी करून, त्यानं खालून तिच्या मानेवरचे केस कापले. समोर आरशात शैला सरळ बघत होती.

पुढे काका कुडाळकडे गेले, तिथेच वारले. दुकान विकलं गेलं. शैलाचे केस अजून खांद्यापर्यंतच आहेत.