तिथं एकदाच विचारायचे

जाऊबाईंचा मला हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला अंदाज लावत बसायला नको.

त्या हसनाबादच्या. घरात शेती, गावात शाळा चौथीपर्यंत. मी अंबडची, तालुक्याच्या गावची, सातवी झालेली. लग्न होऊन दोघी अंबडातल्याच एका घरात आलो तेव्हा सासूबाई त्यांना बोलण्यावरून टोकायच्या आणि मला टोकायला त्यांना काही सापडायचं नाही. मग मोठ्या दिरांना मुंबईत एका कापडगिरणीत हिशेबाची नोकरी लागली, जाऊबाई त्यांच्याबरोबर गेल्या आणि दहाएक वर्षांत सगळं उलटं झालं. त्या वर्तमानपत्र वाचायला लागल्या. चपला घालून घरात फिरायला लागल्या. सणाला येत तेव्हा आमचे हे, घरात एरवी तोंड न उघडणारे, त्यांच्याशी तासभर बोलत बसत. एकच गोष्ट माझ्याजवळ होती आणि त्यांच्याजवळ नव्हती: मला मुलं होती. एक मुलगी, एक मुलगा. मुलं त्यांना मोठी आई म्हणत. आमच्याकडं तशीच पद्धत आहे, पण तो शब्द मला कधी बरा वाटला नाही.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. दिरांच्या गिरणीनं आपल्या माणसांसाठी समुद्रकाठी एक मोठी जागा बांधली होती. सुरूच्या झाडांत रांगेनं खोल्या, मधोमध जेवणाचा हॉल, मुलांसाठी झोपाळे. माणशी एकदा पैसे भरले की राहणं, चहा, नाश्ता, दोन वेळचं जेवण सगळं त्यातच. ते लोक त्याला हॉलिडे होम म्हणत. मी शेजारणींना समुद्रावरचा बंगला असं सांगितलं. दिरांनी आम्हां चौघांचंही नाव घातलं होतं आणि हे तहसील कचेरीतून रजा काढून तयार झाले. मला जायचं नव्हतं. पण आपण नाही म्हटलं तर मुलांना घेऊन हे एकटे जातील, हे मला दिसत होतं.

मी धपाटे केले, शेंगदाण्याची चटणी कुटली, स्टोव्ह आणि ज्वारीचं पीठ बांधून घेतलं. जेवण तिथंच मिळतं हे माहीत होतं. मिळतं म्हणजे कसं मिळतं ते माहीत नव्हतं. अंबडहून बसनं जालना, जालन्याहून मनमाड, तिथं गाडी बदलून मुंबई, आणि मग पुन्हा बस. स्टोव्ह मी मांडीवर धरून नेला.

पहिल्याच जेवणाला आम्ही उपाशी उठलो.

त्याचं कारण असं. आमच्याकडं पंगतीत पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं असतं. दुसऱ्यांदाही नको. तिसऱ्यांदा वाढणारा ताटावर ओणवा होतो, आपण हात आडवा धरतो आणि त्या हाताच्या कडेनं पोळी ताटात पडते. पहिल्याच विचारण्यात हो म्हणणारं माणूस हावरट, आणि तिसऱ्यांदा न विचारणारं घर चिक्कू. सासूबाईंनी हे दोघी सुनांना शिकवलं होतं, मी माझ्या मुलीला शिकवलं होतं आणि ती त्यात माझ्याहून पक्की झाली होती. कुणाच्या घरी लाडू पुढं आला की ती मान खाली घालून नको म्हणायची आणि टेबलाखाली किंवा पाटाशी फ्रॉकची कड चिमटीत धरून बसायची. ती कड धरलेली दिसली की मला समजायचं, पोरीला लाडू पाहिजे.

तिथं लांब टेबलं होती आणि वाढपी बादल्या घेऊन पळत होते. "पोळी?" एक जण म्हणाला. आम्ही चौघांनी नको म्हटलं. तो पुढं गेला. भात आला, आम्ही नको म्हटलं, तोही पुढं गेला. परत कुणी आलंच नाही. यांनी माझ्याकडं पाहिलं, मी यांच्याकडं. समोर जाऊबाई ताट पुढं करून "अजून थोडी आमटी" असं वाढप्याला सांगत होत्या, आणि त्याला ते चालत होतं. खोलीवर येऊन दार लावून आम्ही धपाटे खाल्ले. मुलगा हसत होता. हे म्हणाले, "इथं आग्रह बिलकुल न्हाई दिसत." मी म्हटलं, पैसे घेऊन ठेवल्यावर आग्रह कशाला करतील.

दुसऱ्या दिवशी जाऊबाईंच्या लक्षात आलं. त्या हसल्या नाहीत, हे खरं. हसल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी मुलीला आपल्या शेजारी बसवून घेतलं आणि सांगितलं, "ताट पुढं कर. काय पाहिजे ते पहिल्याच वेळी सांग. इथं एकदाच विचारतात, बाळा." मुलीनं माझ्याकडं पाहिलं. मी ताटाकडं पाहिलं. मग तिनं ताट पुढं केलं.

त्यानंतर ती रोज तिथंच बसायला लागली.

मला तिथं काही काम नव्हतं. घरी सकाळपासून चूल, पाणी, धुणं, दळण, त्यात दिवस कधी गेला ते कळत नाही. इथं चहाची घंटा, नाश्त्याची घंटा, जेवणाची घंटा. मी खोली झाडली तर झाडणारी बाई नाराज झाली, कारण तिच्या मुकादमाला वाटलं ती कामावर आली नाही. स्वयंपाकघरात जाऊन कांदे चिरून देऊ का विचारलं, तर आचारी म्हणाला की बाई, तुम्ही पाहुण्या, समुद्र बघा. मग मी समुद्र बघत बसले. समुद्र फार वेळ बघण्यासारखा नसतो. बघण्यासारखं होतं ते त्याच्या काठावर चाललेलं, आणि ते मला बघावं लागत होतं.

जाऊबाई नेसूचं खोचून गुडघाभर पाण्यात उभ्या राहत. मुलगी त्यांचा हात धरून लाटेवर उडी मारायची. मी वाळूत सगळ्यांच्या चपला सांभाळत बसायचे. पाण्यात गेले नाही, कारण दुसरं लुगडं दोरीवर ओलं होतं आणि खारं पाणी कापडाला वाईट. ही कारणं खरीच होती. पण कोरडं लुगडं असतं तरी मी गेले नसते. त्यांनी हात धरून मला पाण्यात न्यावं, हे मला नको होतं.

एके सकाळी मुलगी दोन वेण्या घालून आली, वर दुमडलेल्या, लाल रिबिनीच्या. घरी मी तिला तेल चोपडून एक वेणी घालत असे, घट्ट, दोन दिवस टिकणारी. म्हटलं, कुणी घातल्या. ती म्हणाली, मोठ्या आईनं. म्हटलं, छान आहेत. संध्याकाळपर्यंत सुटतील, असंही म्हटलं. त्या सुटल्या नाहीत.

दिवस संपत आले तेव्हा यांनी सांगितलं की दादा-वहिनींच्या मनात मुलीला मुंबईला ठेवून घ्यायचं आहे. ती सातवी पास झाली होती. मुलींची शाळा त्यांच्या घरापासून पायी जाण्याजोगी, पुढं मॅट्रिक, आणि बुद्धी असली तर त्याच्याही पुढं. यांना ते पटलं होतं. खर्चाचं दादा बघणार होते. माझं काय म्हणणं आहे ते यांनी विचारलं, आणि मी बोलायच्या आत सांगून टाकलं की वहिनी म्हणतात पोरीलाच विचारू, जबरदस्ती कुणीच करायची नाही.

मला राग आला तो त्या शेवटच्या वाक्याचा. त्यांनी नुसतं मागितलं असतं तर मी भांडले असते. भांडायला मला येतं. पण त्यांनी मधे पोरीचं मन ठेवलं, आणि आता मी नाही म्हटलं असतं तर ते पोरीच्या मनाविरुद्ध झालं असतं. आणि मला वाटलं, मुलगी हो म्हणणार. ताट पुढं करायला तर शिकलीच होती.

शेवटच्या दिवशी दुपारी श्रीखंड होतं. बस चारची. सगळे एका टेबलाशी बसलो. जाऊबाईंनी आपली वाटी बाजूला सारली आणि मुलीला विचारलं, "आमच्याकडं येतेस मुंबईला? शिकायला, राहायला. तुझ्या मनात असेल तरच."

मुलीनं मान खाली घातली. म्हणाली, "नको."

जाऊबाईंनी एकदाच मान हलवली. "बरं," म्हणाल्या, "तुझी इच्छा." त्यांचा चेहरा उतरला तो मी पाहिला. वाढपी आला, "श्रीखंड?" म्हणाला, आणि मी पहिल्याच विचारण्यात वाटी पुढं केली. त्या सबंध मुक्कामातला तो एवढाच घास मला गोड लागला.

दुसऱ्या घासाला मी मुलीकडं पाहिलं. ताटातला भात ती बोटानं इकडून तिकडं करत होती. डावा हात टेबलाखाली होता. मी जरा वाकून पाहिलं. फ्रॉकची कड चिमटीत होती.

मोठ्या आईनं शिकवलेलं सगळं तिनं पोळी-भातासाठी घेतलं होतं. मोठी गोष्ट समोर आली तेव्हा ती मी शिकवल्यासारखीच वागली. नको म्हणाली आणि पुन्हा विचारण्याची वाट बघत बसली. पुन्हा कुणी विचारत नव्हतं. जाऊबाई विसरल्या होत्या. यांना पोरीची ती चिमटी कधीच समजली नव्हती. ते दादांशी बसच्या वेळेबद्दल बोलत होते. म्हणजे त्या टेबलाशी हे नको कसलं आहे ते समजणारी मी एकटीच होते, आणि मी गप्प बसले असते तर चार वाजता आम्ही चौघं बसमध्ये बसलो असतो. कुणी मला काही म्हणालं नसतं.

श्रीखंड संपवलं. हात धुवायला बाहेर नळ होते, ओळीनं. मुलीच्या शेजारच्या नळाशी उभी राहिले.

"तुला जायचंय का मुंबईला?"

"नको."

"आता तिसऱ्यांदा विचारून राह्यले. ह्याच्यापुढं न्हाई विचारणार."

नळ चालूच होता. ती पाण्याकडं बघत म्हणाली, "मी गेले तर तुला राग येईल."

"येईल," मी म्हटलं. "तो माझा मी बघीन. तू तुझं सांग."

"जायचंय."

तिचा नळ मी बंद केला. पाणी उगीच वाहत होतं.

जाऊबाई हॉलमध्येच बसल्या होत्या, समोर तशीच भरलेली वाटी. मी जाऊन सांगितलं की ती येणार आहे. त्यांना ते खरंच वाटेना. मघाशी तर स्वच्छ नाही म्हणाली, असं त्या दोनदा म्हणाल्या. मी म्हटलं, "एकदा विचारून आमच्याकडं कुणी हो म्हणतं का? सासूबाईंनी तुम्हांलाही शिकवल्तं ते. हसनाबादेत तर त्याच्याही आधीपासून माहीत असंल."

मग इतक्या वर्षांची मुंबई त्यांच्या तोंडातून एकदम गेली. "अगं बाई," म्हणाल्या, "मी इसरलेच की गं." आणि डोळ्याला पदर लावला. मला रडणं आवडत नाही, त्यामुळे मी सामान बांधायला खोलीवर गेले. स्टोव्ह एकदाही पेटवला नव्हता. पीठ जसंच्या तसं होतं. मुलीचे कपडे वेगळे काढले, दोन फ्रॉक, एक परकर. तेलाची बाटलीही त्यात ठेवली होती, ती परत काढून घेतली. तिथं आता तिचा उपयोग नव्हता.

पुढच्या मे महिन्यात ती सुट्टीला अंबडला आली. उंच झाली होती. दोन वेण्या. मुलानं तिच्याभोवती उड्या मारल्या. मी जेवायला वाढलं आणि सवयीनं विचारलं, पोळी घेतेस का. "घेते. दोन दे," म्हणाली. शेजारीण पाणी मागायला दारात उभी होती, तिनं माझ्याकडं पाहिलं. मी दोन पोळ्या वाढल्या आणि शेजारणीला सांगितलं की मुंबईला अशीच पद्धत आहे. मुंबईची बाजू घेण्याची माझी ती पहिली वेळ, आणि ती मला जड गेली.

जाऊबाईंनी तिच्याबरोबर खव्याच्या बर्फीचा डबा पाठवला होता. सगळ्यांना वाटून झाल्यावर तिनं डबा माझ्यापुढं धरला. "आई, घे."

"नको," मी म्हटलं.

तिनं झाकण लावलं, डबा फळीवर ठेवला आणि बाहेर भावाशी खेळायला गेली. रागानं नाही, विसरून नाही. मी नको म्हटलं होतं, ते तिनं ऐकलं होतं.

मी माझी भाकरी संपवली. ताट उचललं, जमीन पुसून घेतली. मग फळीवरचा डबा काढला आणि दोन वड्या घेतल्या. बर्फी चांगली होती.