चिमूटभर पिवळे तांदूळ

चिचगडच्या बाजारात पत्रावळी विकणाऱ्या त्या बाईंचं नाव मी कधी विचारलंच नाही. मी त्यांच्या गावचा ग्रामसेवक, त्यामुळे गाठ रोजची. बोलताना त्या समोरच्याकडे बघत नाहीत. पळसाच्या पानाला काडी टोचत राहतात.

यंदा विडीसाठी जाणारा तेंदूपत्ता ठेकेदाराला द्यायचा की गावानंच विकायचा, हे ठरवायला ग्रामसभा होती. मी मोबाईलवर सगळ्यांना मेसेज टाकला. सात जण आले आणि सभा तहकूब झाली.

"लोक येतच नाहीत," मी बाईंपाशी कुरकुरलो.

"काऊन येतीन? लग्नाचं आवतन मोबाईलवर देता का जी?" बाई पानाकडे बघतच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या हळदीचे तांदूळ पदरात बांधून दारोदार फिरल्या. एक चिमूट माझ्याही हातावर ठेवली. आमच्याकडे आवतनाचे पिवळे तांदूळ हातावर पडले की नाही म्हणता येत नाही.

पुढच्या सभेला दारं ओढून घरंच्या घरं आली. ठेकेदाराची माणसं समोर उभी होती, तरी गावानंच विकायचा म्हणून हात वर होत गेले. मी एकेक हात मोजला. तेंदूपत्ता गावाचा झाला.

"बाई, आता तुम्ही दोन शब्द बोला," मी म्हणालो.

त्यांनी पानाला काडी टोचली. "मी कायले बोलू? गाव बोलून राहिला ना!"