रद्द झालेला सप्ताह आणि पद्माक्का

कार्डाचा कोपरा फाडलेला होता, म्हणजे वाचायच्या आधीच कळलं. पोस्टमनने ते कचेरीत माझ्या टेबलावर पालथं ठेवलं आणि नेहमीसारखा तंबाखू मागायला थांबला नाही. पलूसहून आलेलं, पद्माक्काच्या भावाचं. रजेवर माहेरी गेलेली अक्का तिथंच तापानं गेली, दहा दिवस पडून होती, आपणांस कळवावं असं तिनंच सांगून ठेवलं होतं. मी कार्ड वाचलं, त्यावर आवक नंबर घातला आणि फायलीला लावायला उठलो. इतक्या वर्षांच्या कारकुनीनं हाताला वळण पडलेलं असतं, त्याला काय करणार? मग भानावर आलो. असलं कार्ड घरात ठेवू नये, वाचून फाडून टाकावं म्हणतात. मी ठेवलंय. त्याला आता दीड महिना होईल...

आमचं गाव कृष्णाकाठचं, साताऱ्याच्या अलीकडचं. नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण पुढे ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे ते सगळे हयात आहेत आणि त्यातले निम्मे चिडके आहेत. मी इथल्या म्युनिसिपालिटीत हेडक्लार्क. पद्माक्का आमच्याकडे सुईणबाई म्हणून नेमून आली ती ऐन लढाईत. सांगलीकडच्या जैन शेतकऱ्याची मुलगी, विसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालेली. सासरी राबण्यापेक्षा मिरजेला जाऊन सुईणपण शिकली. अंगानं काटक, आवाज शेतात हाक मारावी तसा. माझ्यापेक्षा वयानं चार-सहा वर्षांनी लहान असेल, पण पहिल्याच दिवशी मी तिला अक्का म्हणालो आणि ती मला भाऊसाहेब. ते शेवटपर्यंत तसंच राहिलं.

तिचं दुखणं एकच होतं. गावातली बाळं आठव्या-नवव्या दिवशी आकडी येऊन जात. जबडा मिटायचा, दूध गिळेना, अंग लाकडासारखं व्हायचं. म्हाताऱ्या म्हणायच्या, सटवाईचा कोप. अक्का म्हणायची, विळ्याचा. ज्या विळ्यानं वैरण कापायची त्यानंच नाळ कापायची आणि पाचवीला त्याचीच पूजा मांडायची, ही आमच्याकडची जुनी चाल. हे ती सांगायला जायची आणि दार लागायचं. विधवा बाई बाळंतिणीच्या दारात म्हणजे अपशकुनच. एकदा माझ्या टेबलापाशी उभी राहून म्हणाली, "आवं भाऊसाहेब, मी एकटी गेले तर मी कोन? पांढऱ्या कपाळाची बाई. पन कचेरीचा कागुद घिऊन गेले तर म्हाताऱ्या बसायला पाट देत्यात. मला कागुद द्या. वर्सातनं सात दीस तरी ह्यो सरकारी सप्ता हाय म्हनून सांगाया पायजे."

मी तिला लगेच हो म्हणालो. का, ते सांगून टाकतो. माझा पहिला मुलगा आठव्या दिवशी गेला होता. माझ्या आईनंच नाळ कापली होती, घरच्या विळ्यानं. तिला बिचारीला काय ठाऊक. नऊ वर्षं झाली होती आणि घरात त्याचं नाव कोणी काढत नव्हतं, कारण नाव ठेवायच्या आतच गेला तो. अक्काचं बोलणं ऐकलं तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की त्याला सटवाईनं नेलं नव्हतं. राग आला, पण कुणावर काढणार? बसलो आणि ठरावाचा मसुदा लिहिला. सदरहू सप्ताहास म्युनिसिपालिटीची मान्यता असावी, वगैरे वगैरे.

ठराव पास झाला, पण सभासदांनी त्याची पार दशा करून टाकली. अध्यक्ष म्हणजे गावातले पेन्शनर वकील. त्यांना नाळ, विळा, जबडा असले शब्द सभेत नको झाले. "काहीतरी प्रसन्न करू," म्हणाले. प्रांतसाहेबांचा मुक्काम फाल्गुनात होता, म्हणून सप्ताह फाल्गुनात. आणि प्रसन्न काय, तर गुटगुटीत बाळांची स्पर्धा. गुळाच्या अडतीवरचा काटा आणायचा, चारचौघांत बाळं तोलायची, सगळ्यांत वजनदार बाळाला चांदीची वाटी. अक्का दाराशी उभी राहून ऐकत होती. मला हळूच म्हणाली, "ह्या बाप्यांच्या घरात बायका न्हाईत का वो?"

झालं तसंच. लेकरू बाळसेदार दिसलं तर आमच्या बायका पाहुण्यासमोर त्याला पदराखाली घेतात, गालावर तीट लावतात, 'किरकिरं आहे हो' म्हणून खोटंच सांगतात. ते भर बाजारात काट्यावर घालून, वजन ओरडून सांगायचं? ज्यांची बाळं खरोखर गुटगुटीत होती त्यांनी ती घरी झाकून ठेवली. प्रांतसाहेबांपुढे आली ती सगळी काडीसारखी, नाक वाहणारी, कुणाची नजर लागायची भीती नसलेली. त्यातल्या त्यात बरं एक निवडून अध्यक्षांनी वाटी पुढे केली, तर त्याची आई मागे सरली. "वाटी नगं. माझ्या लेकराला दिष्ट लागली तर वाटी काय चाटायची हाय?" प्रांतसाहेब हसले. अध्यक्षांचा चेहरा मात्र पाहण्यासारखा झाला होता.

पुढच्याच सभेत ठराव आला, सदर सप्ताह यापुढे बंद करावा. अक्काचं म्हणणं कुणी विचारलं नाही. नाळेचा आणि विळ्याचा विषयच त्या आठवड्यात कुठे निघाला नव्हता. तो ठराव मी माझ्या हातानं लिहिला आणि त्याची प्रत सुईणबाईंना द्यायची, असा शेराही लिहिला.

ती प्रत मी दिली नाही. सभेच्याच दिवशी पहाटे माझी बायको अडली होती आणि मी अक्काला आणायला धावत गेलो होतो. आई दारात आडवी. विळा घासून-पुसून ठेवलेला. अक्कानं वाद घातला नाही. ओट्यावरूनच म्हणाली, "आई, इळा पूजंला ठेवा की, कोन नगं म्हनतंय? सटवाई येती ती नशीब ल्ह्यायला. नाळ कशानं कापली ते बघाया न्हाई येत. कात्री मी उकळून आनलीया." आई विळा उचलून बाजूला झाली. मुलगा झाला. दुपारी सभा झाली, सप्ताह रद्द झाला, आणि संध्याकाळी ती प्रत हातात घेऊन मी बसलो... आठवा दिवस गेला, नववा गेला, दहावा गेला. मुलगा दूध ओढत होता. अकराव्या दिवशी मी ती प्रत पाणीपट्टीच्या एका जुन्या बासनात बांधून टाकली. नोकरीत मी केलेला हा एकमेव गुन्हा. पण धडधडीत गुन्हा.

पुढच्या वर्षी अक्का आली आणि म्हणाली, "भाऊसाहेब, औंदा संक्रांतीनंतर घिऊया का सप्ता? हळदीकुंकवाला बायका आपसूक घरोघर फिरत्यात, दारं उघडीच असत्यात." मी म्हणालो, घ्या. दवंडीवाल्याला चिठ्ठी लिहून दिली. झालं, गावभर दवंडी फिरली. अध्यक्षांना वाटलं उपाध्यक्षांनी काढली असेल, उपाध्यक्षांना वाटलं वरून साताऱ्याहून हुकूम आला असेल, आणि बाकीच्यांना काहीच वाटलं नाही. आमच्या म्युनिसिपालिटीचा कारभार मला पाठ आहे, विचारायचं कुणी हेच ठरत नाही. तिसऱ्या वर्षी तर अध्यक्षांनी स्वतः नारळ फोडून उद्घाटन केलं आणि या सप्ताहाची कल्पना मूळ आपली, असं सांगितलं. मी टाळ्या वाजवल्या.

अक्का मात्र राबायची. ज्या घरात हळदीकुंकू, त्या घराच्या पायरीवर ती उभी. आत कुंकू चालायचं, तिला काही ते मिळायचं नाही, ती अपेक्षाही करायची नाही. बायका बाहेर येताना पायरीवर थांबायच्या आणि ती सांगायची, कात्री किती उकळायची, दोरा कसा, हात कसे धुवायचे. तिच्या तीन कात्र्या होत्या. नववा लागलेल्या घरी एक जायची आणि पाचवी झाली की परत यायची, कधीकधी हळदीनं माखून. ते बघून ती खूश व्हायची. "बघा, पूजंला बसली माझी कात्री," म्हणायची. आकडीनं बाळं जायची बंद झाली असं मी म्हणणार नाही, मला ते मोजता येत नाही. पण कोष्टी आळीत, जिथं दर पावसाळ्यात रडणं ऐकू यायचं, तिथं गेली दोन वर्षं मी ऐकलं नाही.

कार्ड आल्यावर मी पलूसला जाऊन आलो. भाऊ मळ्यात राहतो, सरळ माणूस. मला दूध दिलं, अक्काच्या खाटेजवळ बसवलं. मला राहवलं नाही. म्हटलं, मी तिला पाच वर्षं फसवलं, तो सप्ताह रद्द झाला होता. भाऊ म्हणाला, "तिला ठावं हुतं की. अध्यक्षाच्या सुनंचं बाळंतपन केलं तवाच कळलं. मला म्हनली, त्या सप्त्याला सरकारची मान्यता न्हाई रं, एका कारकुनाची हाय. त्यो भित्रा हाय, त्याला कळू द्यायचं न्हाई मला कळलंय म्हनून, न्हाईतर घाबरून बंद करंल." मी दूध तसंच ठेवलं. पाच वर्षं मी समजत होतो की मी तिला सांभाळतोय. ती मला सांभाळत होती. मला रडू आलं, आणि ते लपवायचं काही कारण मला दिसलं नाही.

परत आलो आणि पौषातल्या सभेत विषयपत्रिकेवर सप्ताह घातला. जुना रद्दचा ठराव मोठ्यानं वाचला आणि पाच वर्षांच्या दवंड्या माझ्या होत्या हेही सांगितलं. नोकरी जाईल असंच वाटत होतं, बायकोला तसं सांगूनही ठेवलं होतं. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "मग मी नारळ कशाचा फोडला?" शेवटी अध्यक्षांची अब्रू आणि माझी नोकरी एकाच ठरावानं वाचवावी, असं सगळ्यांच्या सोयीनं ठरलं. संक्रांतीनंतरचा आठवडा, दरसाल, कायम. मला ताकीद मिळाली, ती मी आनंदानं घेतली.

ठरावाची प्रत मी स्वतः लिहिली, झोकदार अक्षरात, आणि खाली सवयीनं लिहून गेलो, प्रत सुईणबाईंकडे रवाना. तिच्या जागी अजून कुणी नेमलेलं नाही. तरी मी प्रत घेऊन तिच्या खोलीकडे गेलो. दवाखान्यामागची खोली, किल्ली माझ्याकडेच होती. चूल सारवलेली, पाण्याचं भांडं पालथं, कोनाड्यात फडक्यात बांधलेल्या कात्र्या. प्रत कुठे ठेवावी ते कळेना म्हणून तसाच उभा होतो, तेवढ्यात कोष्टी आळीतली एक म्हातारी दाराशी आली. सुनेला कळा सुरू झाल्या होत्या. अक्का गेल्याचं तिला ठाऊक होतं, तरी ती इथेच आली होती. "भाऊसाहेब, कात्री तेवढी द्या," म्हणाली.

नुसती कशी देणार? मी कोट काढून खुंटीला लावला, चूल पेटवली, भांडं धुऊन पाणी ठेवलं आणि कात्री त्यात सोडली. जन्मात मी चुलीपुढे बसलो नव्हतो, धुरानं डोळे भरून आले. म्हातारी उंबऱ्यावर टेकली आणि माझ्याकडे बघत राहिली. पाणी उकळायला लागलं तशी म्हणाली, "अक्का अशी गप बसत नव्हती वो. पानी उकळंतवर समदं सांगत बसायची."

मग मी सांगायला लागलो.